मिग्दालियाची निम्मी झालेली डिस्क

वाचकहो, पुढील पानांत एका हार्ड डिस्कची हकिकत सांगण्याचे योजिले आहे. सदर डिस्कच्या अंगावर एक हजार गिगाबाइट असे स्वच्छ छापलेले असताना ती एके दिवशी निम्म्याहून कमी माप दाखवू लागली, आणि त्या हरवलेल्या मापात एका दिवंगत माणसाची बासरी अडकून पडली. हे माप कोणी पळवले, ते शोधून काढण्यासाठी कोणत्या पंडिताने कंबर कसली, आणि अखेरीस त्या पंडिताची शोभा कशी झाली, हे यथाक्रम निवेदन केले जाईल. कथेत राजे नाहीत, लढाया नाहीत. वीज आहे, परंतु तीही बहुतेक वेळ गेलेली असते.

कामाग्वे शहरात, सान हुआन दे दियोस चौकाच्या मागल्या गल्लीत, आर्सेनियो सोकर्रास नावाचा गृहस्थ राहत असे. त्याच्या घराच्या रस्त्याकडील खोलीत एक टेबल होते, टेबलावर संगणक होता, संगणकाच्या चहूबाजूंनी तारा लोंबत होत्या, आणि भिंतीवर त्याने स्वहस्ते रंगवलेली पाटी होती : 'संगणकशास्त्री'. या शास्त्राचे अध्ययन त्याने साखर कारखान्याच्या कचेरीत, दुसऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत केले होते. पुढे कारखाना बंद पडला, तो खांदा निवृत्त होऊन गावी गेला, आणि आर्सेनियो शास्त्री झाला.

त्याचा मुख्य व्यवसाय गाठोड्याचा. आमच्या बेटावर इंटरनेट आहे, जसा आकाशात चंद्र आहे. दिसतो, पण त्याच्या उजेडात कपडे वाळत नाहीत. म्हणून मालिका, सिनेमे, गाणी, बेसबॉलचे सामने, बातम्या असे सारे काही एका डिस्कवर भरून दर आठवड्याला हावानाहून पहाटेच्या बसने येते. त्यास पाकेते म्हणतात, म्हणजे सरळ गाठोडेच. लोक आपापल्या डिस्क घेऊन येत, दारात 'शेवटचा कोण?' असे विचारून रांग धरत, आणि आर्सेनियो त्यांच्या डिस्कमधला जुना माल पुसून नवा भरून देई. यात त्याचा एक नियम होता : जे ओळखीचे नाही ते पुसायचे. जागा करण्यास दुसरा मार्ग नव्हता. या नियमापायी बेलार्मिनोच्या नातीच्या बाप्तिस्म्याचे सगळे फोटो गेले होते आणि त्या जागी एका तुर्की मालिकेचे भाग आले होते. मालिका उत्तम होती हे बेलार्मिनोही मान्य करी. फोटोंचा विषय मात्र त्याने सोडला नव्हता.

हा बेलार्मिनो म्हणजे बासरीवाल्या फेर्मिनच्या ऑर्केस्ट्रातला ताशे बडवणारा. आयुष्यभर बडवून त्याचा डावा कान गेला होता, आणि उरलेल्या उजव्या कानाने तो दिवसभर आर्सेनियोच्या खोलीत, खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीत बसून जगाचे ऐकत असे. आर्सेनियोही एकेकाळी त्याच ऑर्केस्ट्रात होता. तो ग्विरो वाजवी. ग्विरो म्हणजे वाळक्या भोपळ्याला आडव्या खाचा पाडून त्यावर काडी खरवडण्याचे वाद्य. दान्सोनच्या संथ, घरंदाज नाचात या खरखरीवरच जोडप्यांची पावले पडतात. आर्सेनियोची खरखर नेहमी अर्धी मात्रा मागून येई. तो स्वतः यास 'भारदस्तपणा' म्हणत असे. इतर लोक काय म्हणत, ते या लेखनाच्या मर्यादेत बसत नाही.

फेर्मिनला जाऊन वर्ष झाले होते. त्या दिवशी संध्याकाळी दान्सोन क्लबाने त्याच्या स्मरणार्थ नाच ठेवला होता. ऑर्केस्ट्रा उरला नव्हता. व्हायोलिनवाल्यांपैकी एक माद्रिदला गेला, दुसरा टॅम्पाला. कोंट्राबास, म्हणजे उभ्याने वाजवायचे माणसाएवढे व्हायोलिन, विकला गेला. तेव्हा फेर्मिनच्या अंगणात झालेल्या तालमींचे जे ध्वनिमुद्रण होते, तेच लावायचे असे ठरले. जगात त्याची एकच प्रत होती, आणि ती घेऊन फेर्मिनची विधवा मिग्दालिया जेवणवेळ टळल्यावर दारात उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई ती. डिस्कसुद्धा तिने रुमालात चारी कडा दुमडून आणली होती.

"शेवटचा कोण?" तिने रीतीप्रमाणे विचारले.

"मी," खुर्चीतून बेलार्मिनो म्हणाला.

"तुझ्याकडे डिस्क तरी आहे का रे?"

"नाही. पण शेवटचा मीच. कित्येक वर्षं."

"मग बस तसाच. आर्सेनियो, हे बघ जरा. यात फेर्मिनचं सगळं वाजवणं आहे म्हणून मी वर्षभर कपाटात, चादरींच्या खाली ठेवलं. आज सकाळी भाचीकडे लावून बघते तर नुसत्या मालिका! आणि भाची म्हणते, मावशी, ही डिस्क अर्धीच दिसतेय."

आर्सेनियोने चष्मा चढवला. अशा प्रसंगासाठी त्याच्याकडे एक प्रवचन तयार होते आणि ते ऐकवण्याची संधी तो सहसा दवडत नसे.

"मिग्दा, घाबरायचं कारण नाही. सगळ्या डिस्क कमीच दिसतात. बनवणारा कारखाना हजाराच्या हिशोबाने मोजतो, आणि संगणक मोजतो एक हजार चोवीसच्या हिशोबाने. मापाचा फरक आहे हा, मालाचा नाही. म्हणून हजाराची डिस्क नऊशे एकतीस दिसते. हे शास्त्र आहे."

"रेशनच्या दुकानातला तांदूळपण याच शास्त्राने मोजतात वाटतं," बेलार्मिनो म्हणाला.

"तू गप्प बस. मिग्दा, तुला समजलं ना?"

"समजलं. पण तू डिस्क अजून लावली नाहीस."

ही गोष्ट खरी होती. आर्सेनियोने डिस्क लावली, पडद्याकडे पाहिले, आणि तेथे नऊशे एकतीस नव्हते. तेथे चारशे पासष्ट होते. शास्त्राने जेवढे खाण्याची परवानगी दिली होती, त्याच्या पलीकडे जाऊन कोणी तरी अर्धी डिस्क गिळली होती.

यानंतर आर्सेनियोने जे उपाय केले, ते सर्व त्याच्या व्यवसायात मान्यताप्राप्त आहेत. त्याने तार काढून तिच्या टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा लावली. चारशे पासष्ट. तार बदलली. चारशे पासष्ट. संगणकाच्या पोटाशी असलेल्या भोकातून काढून पाठीशी असलेल्या भोकात घातली, कारण पाठीकडून ताकद जास्त मिळते असे त्याचे मत होते. चारशे पासष्ट. मग डिस्क कानाशी धरून, डोळे मिटून, डॉक्टर मुलाची छाती ऐकतो तसे तिचे फिरणे ऐकले.

"काय म्हणतेय?" मिग्दालियाने विचारले.

"तालात आहे."

"मग तुझी नव्हे ती," बेलार्मिनो म्हणाला.

वास्तविक अशा वेळी पहिल्या प्रथम पाहण्याची एक जागा असते. संगणकात एक नकाशा असतो. त्यात डिस्कचा प्रत्येक तुकडा, नाव असलेला आणि नसलेला, दिसणारा आणि लपवलेला, एकाशेजारी एक आखून दाखवलेला असतो. जमिनीचा वाद असेल तर आधी मोजणीचा नकाशा काढावा, तसे हे आहे. परंतु नकाशा तो पाहतो ज्याला वाट ठाऊक नसते, आणि आर्सेनियोस सर्व वाटा ठाऊक होत्या. त्याने खुर्ची मागे सारली आणि निकाल दिला.

"डिस्क नकली आहे. वर छाप हजाराचा, आत माल निम्म्याचा. चिनी लोक हल्ली असं करतात. त्यातून मधल्या मध्ये कुणा गाढवाने हात घातला असेल तर देव जाणे. पलीकडच्या चौकात तो रोयलान बसतो ना, त्याच्याकडे नेली होतीस का कधी?"

"नाही. तुझ्याशिवाय कुणाकडेही नाही."

"मग फेर्मिनने नेली असेल. असले धंदे रोयलानचेच. ज्याला ओ का ठो कळत नाही, तो दुसऱ्याच्या डिस्कची वाट लावतो. अशा माणसाला भर चौकात उभं करून विचारलं पाहिजे, बाबा रे, तुला हे शिकवलं कोणी?"

 मिग्दालियाने रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"म्हणजे फेर्मिन माझ्याशी खोटं बोलला?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"तू म्हणतोस यात अर्धाच माल मावतो, आणि त्या अर्ध्यात मालिका आहेत. मग तो कशाला म्हणाला, मिग्दा, सगळा ऑर्केस्ट्रा यात आहे, कुणी काहीही सांगू दे, ही डिस्क टाकू नकोस? दवाखान्यात म्हणाला तो हे. तिथं माणूस चेष्टा करत नाही."

"फेर्मिन करायचा," बेलार्मिनो हळू म्हणाला. पण ते मिग्दालियाला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

मिग्दालियाचे म्हणणे ऐकून आर्सेनियोने चष्मा काढून शर्टाला पुसला. फेर्मिन त्याचा मित्र होता. एवढेच नव्हे, तर त्याचा ग्विरो सहन करणारा तो एकमेव बासरीवाला होता. संध्याकाळी क्लबातली म्हातारी जोडपी इस्त्रीचे कपडे घालून येणार, बायका पंखे घेऊन येणार, आणि त्यांना सांगावे लागणार की, फेर्मिनच्या बासरीऐवजी तुर्की मालिका आहे. आणि त्याहून वाईट, ही बाई उरलेला जन्म असे समजणार की, तिच्या नवऱ्याने मरताना तिला रिकामे कपाट सांभाळायला लावले.

तेव्हा त्याने आपला शेवटचा उपाय बाहेर काढला.

"एक प्रोग्राम आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "मागे एका गाठोड्यातून आला होता. डिस्कला तिचं मूळ माप परत देतो. माप परत आलं की आतला मालही परत दिसेल. दार उघडलं की खोली दिसते, तसं."

"नक्की?"

"मिग्दा, या पाटीवर काय लिहिलंय?"

"त्या पाटीनं माझ्या नातीचा बाप्तिस्मा पुसला," बेलार्मिनो म्हणाला. "पोरगी आता देवाच्या हिशोबात आहे की नाही, पाद्री पण सांगू शकत नाही."

"कोंपाद्रे, दोस्ता, मालिका बघताना रडला होतास तू."

"रडलो. फोटोंसाठी."

आर्सेनियोने प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामने इंग्रजीत काही विचारले. आर्सेनियोने आजवर संगणकाच्या कुठल्याही प्रश्नाला 'होय' याखेरीज उत्तर दिले नव्हते. 'नाही' म्हटले तर काम पुढे जात नाही, हा त्याचा अनुभव होता. त्याने 'होय' दाबले. प्रोग्रामने पुन्हा विचारले, या वेळी लाल अक्षरांत. त्याने पुन्हा 'होय' दाबले. प्रोग्राम हट्टी होता. त्याने तिसऱ्यांदा विचारले, आणि आता तर तांबडा त्रिकोण दाखवून त्यात उद्गारचिन्ह उभे केले.

"काय म्हणतोय तो?" मिग्दालिया म्हणाली.

"काही नाही. सौजन्य आहे. परदेशी लोक फार विचारतात."

त्याने बोट उचलले, आणि वीज गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घराघरांतून "आऽऽऽ!" असा एकसुरी आवाज उठला, जो आमच्या शहरात कुणीही शिकवल्याशिवाय सर्वांना तालात येतो. आर्सेनियोनेही तो काढला. फरक एवढाच, की त्याचा अर्धी मात्रा मागून आला.

त्याने वीज कंपनीच्या कुळाचा उद्धार केला. जनरेटरचा, तेलाच्या बोटींचा, त्या बोटी जिथे अडकल्या असतील त्या समुद्राचा उद्धार केला. टेबलाखालची बॅटरीची पेटी, जी अशाच वेळेसाठी घेतली होती आणि घेतल्यापासून मेलेली होती, तिला त्याने पायाने ढोसले. "एक बोट! मिग्दा, एका बोटाचं काम राहिलं होतं! लाइट आल्याबरोबर पहिलं तेच करतो."

खोलीत उकडू लागले, तेव्हा तिघेही मागल्या अंगणात गेले. तेथे पावसाचे पाणी साठवण्याचा जुना मातीचा रांजण होता, अर्धा जमिनीत गाडलेला, माणसाच्या छातीएवढा. त्याच्या गारव्याला तिघे टेकून बसले. मिग्दालियाने स्वयंपाकघरात जाऊन, आर्सेनियोची भांडी कुठे असतात हे त्याला न विचारता, गॅसवर कॉफी केली आणि तीन चिमुकल्या कपांत ओतून आणली. बेलार्मिनोने कॉफी एका घोटात संपवली आणि रांजणाच्या काठावर बोटांनी ठेका धरला.

"इथंच बसलो होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"फेर्मिन शेवटचा आला होता त्या दिवशी. डॉमिनो खेळत होतो. तू नि मी एका बाजूला, फेर्मिन नि कोपऱ्यावरचा न्हावी दुसऱ्या बाजूला. तू दुहेरी नऊ हातात धरून बसलास शेवटपर्यंत, आणि आपण हरलो. मी विसरलेलो नाही."

"तुला विसरता येतं तरी का काही?"

"आणि मग रम संपवली. फेर्मिनने ती डिस्क काखेत धरून आणली होती. हीच काळी. तुला म्हणाला, आर्सेनियो, तू ओळखीचं नसेल ते सगळं पुसतोस, आणि माझं वाजवणं तुला कधीच ओळखू आलेलं नाही..."

मिग्दालिया हसली. त्या दिवसातले तिचे ते पहिलेच हसणे.

"...तेव्हा हे कुठं तरी असं ठेव, म्हणाला, की तुझा हात तिथं पोचणार नाही. मग तुम्ही दोघं आत गेलात. बराच वेळ खिदळत होता. बाहेर आलास तेव्हा छाती ही एवढी पुढं. म्हणालास, कोंपाद्रे, असं लपवलंय की आता माझं मलाच सापडायचं नाही."

रांजणाला टेकलेला आर्सेनियो प्रथम सरळ बसला. नंतर त्याने कप खाली ठेवला. कप बशीवर नव्हे, तर बशीच्या शेजारी, मातीत ठेवला गेला.

वाचकहो, विस्मृतीचे ढग बाजूला सरून सत्याचा सूर्य प्रकट होतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. आर्सेनियोच्या बाबतीत सूर्य नव्हे, तर रमचा वास आधी आला. मग पडद्यावरचा तो नकाशा आला, जो त्याने आज पाहिला नव्हता. डिस्कच्या मधोमध आखलेली रेघ आली. अर्ध्या भागाला नाव होते आणि, संगणक ज्याने तो भाग ओळखतो, ते अक्षर होते; दुसऱ्या अर्ध्याचे अक्षर त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतले होते, म्हणजे तो संगणकाच्या दारातच उभा राहीना. दाराची पाटी काढली की टपालवाला पत्र परत नेतो, तसे. आणि फेर्मिन शेजारी उभा राहून, गुडघ्यावर हात मारमारून हसत होता.

त्याच्या मागोमाग दुसरी आठवण आली आणि ती अधिक वाईट होती. तो प्रोग्राम त्याने यापूर्वी कितीतरी नकली मेमरींवर, म्हणजे पेन ड्राइव्हांवर, चालवला होता. प्रत्येक वेळी माप बरोबर आले होते. आणि प्रत्येक वेळी मेमरी आतून कोरी करकरीत निघाली होती, नव्या भांड्यासारखी. हे त्याला ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट त्याने वापरायला काढली नव्हती, इतकेच.

"मिग्दा," तो म्हणाला, "रोयलानने काही केलेलं नाही."

"मग कुणी केलं?"

"मी."

बेलार्मिनोने आपला चांगला कान पुढे केला. "परत सांग."

"मी केलं. डिस्क नकली नाही. अर्धा भाग मी लपवला. फेर्मिनच्या सांगण्यावरून. आणि विसरलो."

मिग्दालियाने त्याच्याकडे पाहिले. ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. रागावर देण्यासाठी त्याच्याकडे दोन-तीन तयार वाक्ये होती. पण तिने फक्त विचारले,

"आणि लाइट गेली नसती तर?"

या प्रश्नावर शास्त्रात पुष्कळ उत्तरे आहेत. आर्सेनियोच्या तोंडून एकच निघाले.

"तर पुसलं गेलं असतं. सगळं."

ती उठली. आतल्या अंधारलेल्या खोलीत गेली, टेबलावरून डिस्क उचलली, तार खेचून काढली, आणि परत येऊन रांजणाशी बसली. डिस्क तिने रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली आणि वर दोन्ही हात ठेवले.  

ऊन भिंतीवरून चढत वर गेले. शेजारच्या घरातून क्लबाचा चिटणीस डोकावून विचारून गेला की, वाजवायचे तयार आहे ना, लाइट नसली तर ट्रकच्या बॅटरीवर स्पीकर चालवू. मिग्दालिया म्हणाली, "तयार आहे."  आर्सेनियोच्या मनात त्या वेळी एकच विचार होता की, आता जिला तो दुपारभर शिव्या देत होता ती वीज यावी, आणि त्याने आधी दोनदा दाबलेले 'होय' त्या प्रोग्रामने मनावर घेतलेले नसावे.

सूर्य कौलांच्या मागे गेला असताना गल्लीतून दुसरा आवाज उठला, आनंदाचा. पंखा फिरू लागला. आर्सेनियो धावला, दारात मिग्दालियाने त्याला अडवले.

"थांब. आधी सांग काय करणार आहेस. एकेक गोष्ट."

"नकाशा उघडणार."

"मग?"

"बघणार. हात न लावता."

"मग?"

"लपवलेला भाग दिसला तर त्याला एक अक्षर देणार. म्हणजे दाराला पाटी लावायची. बाकी काही नाही. आत शिरणारसुद्धा तू."

"आणि त्यानं काही विचारलं तर?"

"तर तुला वाचून दाखवणार. आणि शब्दकोश आणणार."

तिने डिस्क दिली. त्याने नकाशा उघडला. तेथे ती होती : एका लांब पट्टीचे दोन तुकडे, मधोमध रेघ, डावीकडे मालिकांचा भाग, आणि उजवीकडे तेवढाच दुसरा, अक्षराविना, दाराविना, गेले वर्षभर आपल्या जागी शांत बसलेला. त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत एक नाव लिहिलेले होते. रमच्या धुंदीत ते आर्सेनियोनेच टंकले होते, पण शब्द फेर्मिनचे होते, यात शंका नव्हती.

"वाच," मिग्दालिया म्हणाली.

आर्सेनियोला वाचवेना. तेव्हा तिने स्वतः वाकून वाचले.

"आर्सेनियो, हात लावू नकोस."

बेलार्मिनोची झुलती खुर्ची मागेपुढे होऊ लागली. तो इतका हसला की खोकला लागला, आणि खोकता खोकता म्हणाला, "मेला तरी ओळखून होता तुला!" मिग्दालियाही हसत होती, आणि त्याच रुमालाने डोळे पुसत होती. आर्सेनियोने मान खाली घालून त्या भागाला अक्षर दिले, आणि खुर्ची तिला मोकळी करून दिली. तिने स्वतः उघडले. आत तालमी होत्या. एकही कमी नव्हती.

क्लबाच्या अंगणात त्या संध्याकाळी दिवे गेले नाहीत. म्हातारे पांढऱ्या शर्टांत आले, बायकांनी पंखे उघडले, पेरूची बर्फी आणि चीजचे तुकडे ताटलीत फिरले. स्पीकरमधून आधी फेर्मिनच्या अंगणातला कोंबडा ओरडला, कुणी तरी खुर्ची सरकवली, आणि मग फेर्मिनची बासरी सुरू झाली. नाचाच्या पहिल्या कडव्यात कुणी नाचत नाही, जोडपी नुसती उभी राहून एकमेकांकडे बघतात, अशी दान्सोनची रीत आहे. त्या संध्याकाळी ती उभी राहिली आणि काही जण दुसरे कडवे आल्यावरही तशीच उभी होती. मिग्दालिया बेलार्मिनोबरोबर नाचली, त्याच्या उजव्या बाजूला राहून, म्हणजे त्याला ऐकू यावे.

आर्सेनियो स्पीकरच्या तारांशी उभा होता. चिटणिसाने त्याच्या हातात क्लबाचा जुना ग्विरो दिला आणि म्हणाला, "तुझाच ग्विरो आहे त्या तालमींत, वर आत्ताही वाजव." आर्सेनियोने तो घेतला. या वेळी चूक होऊ द्यायची नाही असे त्याने ठरवले. त्याने स्पीकरकडे कान दिला, मात्रा मोजल्या, आणि काडी खाचांवरून ओढली.

नेमक्या त्याच क्षणी स्पीकरमधली बासरी थांबली. फेर्मिनचा आवाज, जवळून, दमलेला आणि खट्याळ, साऱ्या अंगणाला ऐकू गेला :

"आर्सेनियो, वाजवतोयस की कागद फाडतोयस? आमच्याबरोबर ये की रे. चला, पुन्हा."

अंगणातले सगळे हसले. मिग्दालिया नाचता नाचता कंबरेवर हात ठेवून हसली, आणि तिच्याकडे बघून आर्सेनियोलाही हसू आले. स्पीकरमध्ये बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आर्सेनियोने काडी उचलली आणि तोही निघाला. तो मागेच राहिला, अर्धी मात्रा. स्पीकरमधला आर्सेनियोही मागेच होता, तेवढाच. आयुष्यात प्रथमच त्याला तालात कुणाची तरी साथ मिळाली होती.

येथे ही हकिकत पुरी होते. ज्या कुणाची डिस्क निम्मी दिसत असेल त्याने आधी नकाशा उघडून पाहावा, कुठल्याही लाल त्रिकोणास घाईने 'होय' म्हणू नये, आणि दोष देण्यास माणूस हवाच असेल तर तो घरातच शोधण्यास आरंभ करावा, अशी लेखकाची अनुभवाअंती विनंती आहे. पाटी तूर्त भिंतीवरच आहे. बेलार्मिनो तिच्याखाली बसतो. आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे लेखन शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
आर्सेनियो सोकर्रास
कामाग्वे